हँडल

गाड्या बनवणाऱ्यांनो, दाराचं हँडल तुम्ही आत लपवलंत, त्याला फॅशन म्हणालात आणि वर गाडीची किंमत दहा लाखांनी वाढवलीत.

वडपे गावच्या बाळारामनं गोदामाला जमीन विकून नवी जर्मन गाडी दारात आणली, तेव्हा चंपा आरतीचं ताट घेऊन पुढं आली. घरात सायकल आली, टेम्पो आला, दर वेळी नवऱ्याच्या गाडीला पहिलं कुंकू तिनं हँडललाच लावलं होतं. माणसाचा हात जिथं पडतो तिथं देव हवा, असं ती मानायची. या गाडीचं दार मात्र नुसतं गुळगुळीत.

"हँडल कुठं हाय हिला?"

"येडे, चावी जवळ आली का आपोआप भायेर येतं. महागाचा माल हाय ह्यो."

ती हसली आणि तिनं कुंकवाचं बोट दाराच्या काचेला लावलं.

आठवड्यानं हायवेवर चंपा शहाळं घ्यायला उतरली, तोच बॉनेटमधून धूर आला आणि गाडीची वीज गेली. दार आतून उघडेना. कुंकवाच्या त्या बोटाच्या ठशामागून बाळाराम काच बडवत होता आणि बाहेर चंपाचे दोन्ही हात दारावरून घसरत होते.



आता तुम्हीच सांगा, तिनं धरायचं काय?