मुगाएवढं मूत्रपिंड

हेरंब गुरुजींच्या पेशींपासून प्रयोगशाळेने वाढवलेलं मूत्रपिंड मुगाच्या दाण्याएवढं होतं. गुरुजींच्या मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठी साध्या की आनुवंशिक, हे त्यावरून कळणार होतं. इथेही गाठी उगवल्या, तर पुढची तपासणी नात मुक्ताची होती.

"आजोबा, उगवल्या का हो?"

"महिनाभर तरी कळायचं नाही, बाळ." गुरुजी प्रयोगशाळेतल्या भिंगावर वाकले.

तेवढ्यात भिंगाखाली दाण्याच्या टोकाशी एक थेंब चमकला.

"अय्या! आजोबा, ह्याने शू केली!"

गुरुजी खो खो हसले आणि पुन्हा भिंगात डोकावले. जन्म शिकवण्यात गेला. याला कुणी शिकवलं?

त्यांनी भिंग मुक्ताच्या उंचीला आणलं.

"महिन्याचं महिन्याला बघू. आधी दुसऱ्या थेंबाची वाट पाहू."