दोन उशा

मास्तरांची लेक फरशीवर उताणी झोपली, तिनं डोळे मिटले आणि परीक्षा घेणाऱ्या सिस्टरांनी तिच्या डोक्याखाली दोन जाड उशा सरकवल्या.

"मास्तर, ही बेशुद्ध आहे," सिस्टर म्हणाल्या. "एक मिनिट आहे तुमच्याकडे. जे कराल ते मोठ्यानं सांगत करा. का करता, तेही सांगा."

उशा पाहून मास्तर जागच्या जागी थांबले.

मास्तर म्हणजे शिंपी. सुई-दोऱ्यात उभी हयात गेलेली, आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी अँब्युलन्सवरचं काम शिकायला निघाले होते. वर्गात वयानं सगळ्यात मोठे तेच. पहिल्या दिवशी त्यांनी रबरी बाहुल्यावर हात ठेवला, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं होतं, "मास्तर, छातीचं माप घेऊ नका, छाती दाबा!" सगळे खो-खो हसले. मास्तरही हसले. दुकान विकून आलेल्या माणसाला रागावून चालत नाही. परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची आणि पन्नाशी गाठली की भरती बंद. आज नापास झाले, तर पुन्हा संधी नव्हती.

सिस्टरांची एक रीत होती. परीक्षेला प्रत्येकानं पेशंट म्हणून आपल्या घरचं माणूस आणायचं. बाहुल्यावर सगळेच शूर असतात, असं त्या म्हणायच्या. शिवाय दर पेशंटपाशी त्या एक खोडी करून ठेवायच्या. सकाळी एकाच्या बायकोशेजारी त्यांनी तुटकी वायर टाकली होती, एकीच्या नवऱ्याच्या गालात पेपरमिंटची गोळी ठेवली होती. मास्तरांच्या वाट्याला उशा आल्या. खरं तर ते धाकट्या भावाला आणणार होते. त्याला पहाटे ताप भरला आणि लेक म्हणाली, "मी येते की, बाबा."

दोन वर्षांपूर्वी बायको स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा घरात कुणालाच काही सुचलं नव्हतं. लेक आईजवळ बसली आणि मास्तर खाली धावले. अँब्युलन्सचा माणूस पिशवी घेऊन जिना चढून गेला. गाडी गल्लीत अडकली होती, ती मागे घ्यायला मास्तर ड्रायव्हरला हात दाखवत राहिले. ते वर पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

मग माणसं भेटायला येऊ लागली. येईल त्याला लेक एकच गोष्ट सांगायची. "फरशी टोचत असेल ना, म्हणून मी आईच्या डोक्याखाली दोन उशा दिल्या." कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवायचं, कुणी म्हणायचं, गुणाची पोर गं बाई. मास्तरांना वाटायचं, आईसाठी काहीतरी केलं, एवढाच पोरीच्या जिवाला आधार आहे. सांगू दे बापडी.

वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्टर म्हणाल्या होत्या, "बेशुद्ध माणसाला उशी द्यायची नाही. मान पुढे वाकते, जीभ मागे पडते, श्वासाची वाट बंद होते. घरची माणसं मायेनं उशी देतात आणि तीच जिवावर बेतते." मास्तर उठून बाहेर गेले आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत जिन्यावर बसून राहिले. वर्ग सुटल्यावर त्यांनी सिस्टरांना एकटं गाठलं.

"उशी नसती, तर ते माणूस वाचलं असतं का हो?"

"तसं कुणालाच सांगता येत नाही, मास्तर."

त्या दिवसापासून त्यांनी वर्गाचं पुस्तक घरी नेलं नाही. लेकीनं दोनदा मागितलं, त्यांनी दोनदा विषय बदलला. हे पोरीच्या कानावर आयुष्यात जाता कामा नये, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"मास्तर, वीस सेकंद गेले."

मास्तर गुडघ्यांवर बसले. "आजूबाजूला बघतो, धोका काही नाही," ते म्हणाले. लेकीचे खांदे थोपटले. "बाळा, ऐकू येतंय का?" ती ठरल्याप्रमाणे हलली नाही. "उत्तर देत नाही. मदतीला हाक मारतो. आता... आता डोकं..."

हात उशीपर्यंत गेले आणि थांबले. उशी काढली, तर का काढली ते सांगावं लागणार होतं. तेही मोठ्यानं, आणि तिच्या कानापासून वीतभर अंतरावर. बेशुद्धीचं सोंग घेतलेल्या माणसाला सगळं ऐकू येतं. मास्तरांनी एकदा सिस्टरांकडे पाहिलं, एकदा लेकीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे. विकलेलं दुकान आठवलं, आता दुसऱ्या शिंप्याकडे नोकरी मागावी लागेल, तेही आठवलं. मग त्यांनी हात मागे घेऊन आपल्या मांडीवर ठेवले.

"मला नाही येत पुढचं," ते म्हणाले. "नापास लिहा, सिस्टर."

"अहो मास्तर, हे तर तुम्हाला वर्गात सगळ्यात आधी पाठ झालं होतं!"

सिस्टरांनी पेन उचललं. आणि तेवढ्यात फरशीवरच्या बेशुद्ध मुलीनं डोळे न उघडताच मान उचलली, डोक्याखालच्या दोन्ही उशा एकेक करून ओढून काढल्या आणि बापाच्या मांडीवर ठेवल्या.

"त्या दिवशी तो अँब्युलन्सचा माणूस घरात आला आणि त्यानं सगळ्यात आधी हेच केलं होतं, बाबा," ती म्हणाली. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. "म्हणून तर येईल त्याला सांगत होते मी. कुणीतरी रागावेल, म्हणून वाट बघत होते."