अर्धं फूल

दुकानाच्या खिडकीत मूस हरणाच्या कातड्याचे जोडे टांगलेले होते. वर मण्यांची लाल फुलं. पीठ न्यायला आलेली फिलोमेन जागीच थबकली.

"वन्सं, हे माझ्या क्लेमांसचं काम!"

"कशावरून हो वहिनी?" अर्नेस्टीननं विचारलं.

"पाकळी-पाकळीत एक निळा मणी बघा. मुद्दाम चुकवलेला. बिनचूक काम फक्त देवाचं, हे मीच शिकवलंय तिला."

क्लेमांसला छातीच्या दुखण्यासाठी नेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. जवळच्या शहरात चांगलं मोठं इस्पितळ होतं, पण ते गोऱ्यांचं. आमच्या आदिवासी लोकांसाठी दोन दिवसांच्या वाटेवर लष्कराच्या जुन्या बराकींतला दवाखाना. आईबापांनी भेटायला यायचं नाही. दर चार-सहा महिन्यांनी सरकारी पत्र यायचं, 'तब्येत सुधारत आहे.' मेल्यांना दुसरं वाक्यच ठाऊक नव्हतं!

दुकानदारानं जोडे काढून दिले. "तुमच्या त्या दवाखान्यातून आलेत. पडल्यापडल्या करतात बायका. तेवढाच विरंगुळा."

"जिवंत आहे गं बाई माझी पोर!" फिलोमेनचे डोळे भरून आले. डाव्या जोड्यावरच्या फुलावर तिनं गाल टेकवला. मग उजवा उचलला.

पहिल्या दोन पाकळ्यांत निळा मणी होता. तिसऱ्या पाकळीच्या मध्यावर टाका बदलला होता. तिथून पुढे घट्ट, ओढलेले टाके, आणि सगळे मणी लाल.

"दमली असेल," अर्नेस्टीन घाईघाईनं म्हणाली. "दिलं असेल कुणाकडे तरी पुरं करायला."

"क्लेमांस? तिच्या कामाला हात लावला म्हणून सख्ख्या बहिणीला चावली होती ती."

"अहो, पण परवाच तर पत्र आलंय ना..."

फिलोमेनचा अंगठा त्या तिसऱ्या पाकळीवरून हलेना.

"घ्यायचे का मग?" दुकानदार म्हणाला. "सुबक काम आहे. उजवा तर बघ, किती बिनचूक."

अर्नेस्टीननं हळूच तिचा दंड धरला. "डावा तेवढा मागून घेऊ, वहिनी. चला."

"नको. पीठ राहू दे, दोन्ही द्या." फिलोमेननं जोडे छातीशी धरले. "हे टाके घालणारी दुसरी पोर कुणाची, ते गावोगाव विचारते. तिच्याही आईला पत्रं येत असतील."