कोल्ह्याच्या पाटीवरची ओळ

“पान नंबर सांगा, बाबा.”

पुस्तकं बांधणाऱ्या बाबांनी मान वर केली नाही. समोर कणा उसवलेला एक जाडजूड शब्दकोश उताणा पडला होता आणि ते त्याला ब्रशनं खळ लावत होते. लेक आली की हातात काही ना काही काम हवंच, ही त्यांची जुनी रीत.

“कुठल्या पुस्तकाचा?”

“कोल्ह्याचं जे होतं त्याचा. पाटी उद्या छापायला जाणार. मॅडम म्हणतात, या ओळीला आधार काय? संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर ओळ काढून टाकते.”

लेक प्राण्यांच्या संग्रहालयात पाट्या लिहायची. पेंढा भरलेल्या कोल्ह्याच्या पाटीवर तिनं आपण होऊन एक ओळ घातली होती, आणि हात दाखवून अवलक्षण झालं होतं. ओळ अशी: ‘पिल्लू बीळ सोडून निघतं तेव्हा बाप पाठ फिरवून बसतो, त्यानं बघितलं, तर पिल्लू माघारी येतं.’

ओळ बाबांची, म्हणजे शंका घ्यायचं कारणच नव्हतं. लोकांची पुस्तकं बांधताना खळ वाळेपर्यंत ते ती वाचायचे आणि प्राण्यांबद्दल काही सापडलं की वहीत उतरवून ठेवायचे. पुस्तकाचं नाव, पान नंबर, सगळं. मग कुणी मनाला हात घालणारं काही विचारलं, की वहीतला एक प्राणी पुढे करून वेळ मारून न्यायचे. आई दवाखान्यात होती तेव्हा मावशीनं विचारलं, “भाऊजी, रात्री झोप लागते का हो?” तर म्हणाले, “घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत. अख्खी मान वळवावी लागते.” लेकीच्या लग्नात सगळे रडत होते, आणि हे नव्या जावयाला सांगत होते की मगरीला जीभ बाहेर काढता येत नाही. जावई बिचारा अजून त्याचा अर्थ शोधतो आहे.

आजही ताकास तूर लागू देईनात, तेव्हा लेकीनं फळीवरची वही स्वतःच काढली. उघडताच खळीचा आणि जुन्या कागदाचा तोच वास आला. क्षणभर ती पुन्हा शाळकरी होऊन, दप्तर पाठीला लावून याच खोलीच्या दारात उभी राहिली. पाणघोडा, वटवाघूळ, जिराफ... प्रत्येकासमोर पुस्तक, प्रत्येकासमोर पान. मग कोल्हा सापडला. तारीख होती ती वसतिगृहात राहायला गेली त्या दिवसाची. पुस्तकाची जागा कोरी. पान नंबराचीही कोरी.

“बाबा, हे कोरं का?”

ब्रश थांबला. “नव्हतंच कुठे.”

“म्हणजे?”

“स्टँडवर उभ्या उभ्या रचलं.”

ती मटकन स्टुलावर बसली. बस सुटायच्या आधी बाबांनी घाईघाईनं तेवढं सांगितलं होतं आणि खरंच पाठ फिरवली होती. बाकीच्या मुलींचे आईवडील हात हलवत होते. तिला मागच्या काचेतून दिसली ती फक्त एक करडी पाठ, खांद्यावर खळीचा पांढरा डाग. वसतिगृहातला पहिला महिना ती त्या एका वाक्यावर तगली होती. बाबांना वाईट वाटलं नाही असं नाही, कोल्हे बघत नसतात, असं ती उशीत तोंड खुपसून स्वतःला सांगायची. तेवीस वर्षं तिनं ते खरं धरलं होतं. आता ते खरं नसेल, तर उरत होती नुसती पाठ.

“मग पाठ कशाला फिरवली?” तिचा आवाज चढला. “खरं सांगा. आता कोल्हा नको.”

“साळिंदराचं पिल्लू जन्मतं ना, तेव्हा त्याचे काटे मऊ...”

“बाबा!”

त्यांनी खळीचं भांडं झाकलं. पुन्हा उघडलं.

“तोंड बघण्यासारखं नव्हतं माझं,” ते म्हणाले. “तू बघितलं असतंस, तर गेली नसतीस.”

“मी शेवटपर्यंत बघत होते,” ती म्हणाली.

“माहीत आहे. काचेला नाक लावून. एका बाजूची रिबीन सुटली होती.”

“तुमची तर पाठ होती!”

“समोर चपलांचं दुकान होतं. त्याच्या काचेत बस दिसत होती. पार वळणापर्यंत.”

“मग मी माघारी कशी नाही आले?”

“चोरून बघितलं ना,” बाबा म्हणाले. “ते धरत नाहीत.”

तिला हसूही आलं आणि रडूही. तिनं डोळे पुसले आणि मॅडमना फोन लावला. “कोल्ह्याची ओळ काढा. आधार नाही मिळाला.”

“येते,” ती म्हणाली. नेहमीप्रमाणे बाबा पाठमोरे होऊन शब्दकोशाशी खुडबुड करू लागले.

जिना उतरून ती रस्त्यावर आली. कोपऱ्यावर सवयीनं वळून पाहिलं. खिडकी दर वेळी रिकामी असायची. आज तिथे बाबा उभे होते, हातात ब्रश, तोंड सरळ तिच्याकडे. गाल ओले होते आणि ते पुसत नव्हते.

ती दोन पावलं पुढे गेली. थांबली. मग झपझप मागे येऊन जिना चढली.

“चष्मा राहिला,” दारात धापा टाकत ती म्हणाली.

बाबांनी तिच्या नाकावरच्या चष्म्याकडे नीट पाहिलं.

“थांब, शोधू या,” ते म्हणाले आणि शब्दकोश उचलून त्याच्याखाली बघू लागले.