घड्याळ ब

निमकर सरांनी तपासलेला पाचवा स्वाध्याय पडद्यावर आला, तेव्हा हर्षदा वैतागली. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या स्थानकावर काम करता करता ती देवरुखच्या सरांकडून सापेक्षता शिकत होती. दर आठवड्याला एक स्वाध्याय, तोही वहीत हाताने सोडवायचा, ही सरांची अट. तेही लाल पेननेच तपासत.

"सर हल्ली कसंही तपासतात," ती शेजारी बसलेल्या मुजावरला म्हणाली. "पहिल्या वेळचं अक्षर बघ, मोत्यासारखं. आणि हे? बरोबरची खूणसुद्धा वेडीवाकडी."

मुजावरने पान पाहिलं. "गणित कसलं होतं?"

"नेहमीचंच. दोन घड्याळं. अ कृष्णविवराजवळ, ब लांब पृथ्वीवर. अ वर पाच आठवडे झाले, तर ब वर किती?"

"मग किती?"

"पंधरा वर्षं," ती सहज म्हणाली, आणि तिची नजर पुन्हा त्या वेड्यावाकड्या खुणेवर गेली.

तिने पाचही स्वाध्याय शेजारी शेजारी लावले. अक्षर पानागणिक थकत गेलं होतं. शेवटच्या पानाखाली सरांनी लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर. आता एकच स्वाध्याय राहिला. सावकाश कर, घाई नाही.'

त्यासाठी तिच्याकडे एक आठवडा होता, म्हणजे सरांची तीन वर्षं. हर्षदाने जेवणाचं ताट बाजूला सारलं, वही उघडली आणि तीन तासांत सगळी गणितं सोडवून पाठवून दिली.

सरांना तीनच आठवडे वाट बघावी लागली.