कार्ब्युरेटरखालची पट्टी

शर्यत संपल्यावर डार्सीने गाडी तपासणीच्या छपराखाली आणून उभी केली आणि इंजिन बंद केलं. थरमनने खिडकीची जाळी सोडली. तिने आधी हेल्मेट त्याच्या हातात दिलं, मग स्वतः खिडकीतून बाहेर आली.

"जिंकलो, डॅडी!"

"हो," थरमन म्हणाला आणि हेल्मेटची काच पुसू लागला. काच स्वच्छच होती.

दोरीपलीकडे कर्टिस उभा होता. त्याच्या मुलाची गाडी दुसरी आली होती. "थरमन, सरळ पट्ट्यात पंख फुटले होते की रे तुझ्या गाडीला! काय पाजलंस तिला?"

"तुमच्या बिलीला विचारा ना, काका," डार्सी म्हणाली. "पूर्ण वेळ मागूनच बघत होता तो."

सगळे हसले. कर्टिसही हसला. थरमनला हसू आलं नाही.

कुंपणाजवळ शार्लट शहरातल्या एका मोठ्या शर्यत-संघाचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. त्याने काल स्पष्ट सांगितलं होतं. डार्सी माझ्यासमोर जिंकली आणि गाडी तपासणीत पास झाली, तर पुढच्या आठवड्यापासून ती आमच्याकडे, शार्लटलाच राहील. गाडीत खोट निघाली तर विषय संपला. मागच्या वर्षी अशाच एका लबाड गॅरेजमधला मुलगा घेऊन त्यांनी तोंड पोळून घेतलं होतं.

खोट होती. इंजिनात हवा किती जाईल हे कार्ब्युरेटरखालची एक पातळ पट्टी ठरवते. तिच्यातल्या भोकांचं माप नियमाने बांधलेलं असतं. भोक मोठं झालं की हवा जास्त, ताकद जास्त. सकाळी डार्सी चर्चला निघाली तेव्हा थरमन डोकं दुखतंय म्हणून घरी थांबला. ती वळणाआड गेल्यावर तो गॅरेजमध्ये गेला आणि कानशीने ती भोकं वाढवली.

नियमाच्या कडेपर्यंत तो नेहमीच जायचा. या धंद्यात सगळेच जातात. कडेच्या पलीकडे तो आज पहिल्यांदाच गेला होता. चर्चहून येताना डार्सीने त्याच्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या घेताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

हॉइट मापाची काठी घेऊन आला. तो इथला मुख्य तपासनीस. थरमनची बायको नोरीन एप्रिलमध्ये गेली, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याने गाडीची उंची मोजली, वजन बघितलं, टायरवर हात फिरवला.

"झालं. ने गाडी."

"पट्टी नाही बघितलीस," थरमन म्हणाला.

"मला भूक लागलीय, लेका. तुझ्या गाडीत काय बघायचं?"

"नंतर लोक बोलतात. बघ तू."

"बघ रे बाबा!" कर्टिस दोरीपलीकडून ओरडला. "एवढा साधूपणा अंगात आलाय तर बघून घे!"

हॉइटने सुस्कारा टाकला. थरमनने स्वतःच कार्ब्युरेटर सोडवायला घेतला. बोल्ट तापलेले होते. एक बोट भाजलं, तरी तो थांबला नाही. पट्टी काढून त्याने हॉइटच्या हातात दिली.

हॉइटने खिशातून मापाची पोलादी कांडी काढली. कांडी भोकात अडकली तर पट्टी बरोबर. आरपार पडली तर गाडी बाद.

कांडी आरपार पडली.

खाली हॉइटचा तळहात होता. त्याने मूठ मिटली. त्याची पाठ दोरीकडे होती, त्यामुळे हे थरमनशिवाय कुणालाच दिसलं नाही. हॉइटने एकदा थरमनकडे बघितलं. मग डार्सीकडे. ती बुटाच्या टोकाने सिमेंटवर रेघा ओढत होती आणि ओठ चावत होती.

"अडकली!" हॉइट मोठ्याने म्हणाला. "गाडी पास!"

डार्सी आनंदाने ओरडली आणि बापाच्या गळ्यात पडली. शार्लटचा माणूस कुंपणातून आत आला आणि त्याने तिच्याशी हात मिळवला. कर्टिसने टोपी काढली. "थरमन, तुझं तोंड बघवत नाही मला, पण पोरगी गाडी झकास चालवते," तो म्हणाला. मग सगळी मंडळी तिला फोटोसाठी घेऊन गेली.

छपराखाली दोघंच राहिले. हॉइटने पट्टी स्वतःच्या खिशात टाकली.

"ही मी तळ्यात फेकणार आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "या कामात आजवर खोटं बोललो नव्हतो, थरमन. नोरीनसाठी बोललो. पोरीला कधी कळू देऊ नकोस."

थरमनने मान हलवली.

"आणि गाढवा, गरज काय होती? गाडी जरा कमी पळाली असती तरीही पोरगी जिंकली असती. तुला माहीत नाही का हे?"

"माहीत आहे."

"मग? बरं, लबाडी केलीस ती केलीस. वर मलाच बघायला लावलंस! मी निघालो होतो ना जेवायला?"

लाउडस्पीकरवर डार्सीचं नाव पुकारलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थरमन रचलेल्या टायरांवर बसला.

"गाडी बाद व्हावी म्हणून केलं," तो म्हणाला. "घरात आता आम्ही दोघंच आहोत, हॉइट."