केस झेलायचं कापड

या, असे जरा जवळ सरका. इरावतीकाठच्या एका दमलेल्या राजाची गोष्ट सांगतो. सात वर्षं भावाभावांत लढाई पेटली होती. तीत थोरला मेला आणि धाकटा, सेनापती होता तो, गादीवर बसला. वर्षभरातच त्याचा जीव विटला, म्हणून एका सकाळी त्यानं विहाराच्या दारात तलवार ठेवली आणि भिक्खू व्हायला तो गुडघे टेकून बसला. मुलगा भिक्खू झाला की आईला जन्मोजन्मीचं पुण्य लाभतं. उतरणारे केस झेलायला आईनं कापड पसरलं. हा जन्मला त्याच साली विणून ठेवलेलं. वस्तरा भिजवत भंतेंनी दीक्षेआधी प्रत्येकाला विचारायचा प्रश्न विचारला, “राजाच्या चाकरीत नाहीस ना?” “भंते, राजा मीच. मला सुट्टी कोण देणार?” भंते हसले. “बरं, आईची परवानगी?” म्हातारी दाराकडे पाहत होती. तिथं तिघे सरदार उभे होते आणि तिघांचेही डोळे तलवारीवर होते. “नाही,” ती म्हणाली. “आई, दमलो गं मी.” “दिसतंय की. पण तू डोकं भादरलंस की हे तिघे एकमेकांची मुंडकी उडवतील, आणि मरायला पुन्हा गावोगावची पोरं नेतील. आग तू लावलीस ना लेका? मग विझेपर्यंत तूच राखणीला बस.” तिनं कोरं कापड झटकलं आणि घडी घातली. राजा उठला, तलवार उचलून सरदारांच्या मधून चालू लागला. त्याचे पोवाडे पुष्कळ झाले. तुम्ही मात्र बुद्धापुढे दिवा लावाल तेव्हा, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी स्वतःच्या पुण्यावर पाणी सोडणाऱ्या त्या माउलीची आठवण काढा.